वडील म्हणत होते डॉक्टर हो, पण कमल रणदिवे यांनी कॅन्सरच्या पेशी वाढवणारी लॅब उभी केली

८ नोव्हेंबर २०२१ ला गुगलच्या पानावर मायक्रोस्कोपसोबत एका बाईंचं चित्र झळकलं होतं. आठवतंय? त्या बाई म्हणजे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे. त्यांच्या १०४ व्या जयंतीचं ते डूडल होतं.

माहेरच्या त्या कमल समर्थ. जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. हुजूरपागेत शिकलेल्या या हुशार मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, असं वडिलांना वाटायचं. कमल यांनी दोन्ही केलं नाही. त्या वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र शिकल्या आणि १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न करून मुंबईला आल्या. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला.

आता सीताफळाचा आणि कॅन्सरचा काय संबंध? दुवा होता पेशींचा. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये त्यांना डॉ. वसंत खानोलकर हे मार्गदर्शक लाभले. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली. पुढे फेलोशिपवर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये गेल्या. माणसाच्या कॅन्सरपेशी शरीराबाहेर कायम वाढत ठेवणं जगात पहिल्यांदा जमलं ते याच लॅबला, १९५१ साली. त्या पेशी म्हणजे प्रसिद्ध ‘हेला’.

हे तंत्र शिकून कमल मुंबईत परतल्या. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब सुरू केली. अशा लॅबमध्ये पेशींना शरीराइतकी ऊब आणि पोषक द्रव द्यावा लागतो. जराशी बुरशी शिरली तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते. स्तनाच्या कॅन्सरमागे हार्मोन, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा कसा हात असतो, हे त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून शोधलं. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेचं हंगामी संचालकपदही सांभाळलं.

परदेशी गेलेल्या तरुण संशोधकांनी परत यावं, यासाठी त्या धडपडल्या. संशोधन करणाऱ्या बायकांसाठी १९७३ साली ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ उभी करण्यात त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाला. २००१ साली त्यांचं निधन झालं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २००४ मध्ये, अमेरिकेत कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना चमकणारे कार्बनकण अपघाताने सापडले. आकार साधारण १० नॅनोमीटरच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी. अतिनील किंवा निळा प्रकाश पडला की ते चमकतात. या कणांवर डॉक्सोरुबिसिनसारखं कॅन्सरचं औषध चिकटवता येतं. गाठीभोवतीचं वातावरण थोडं आम्लधर्मी असतं, तिथे हे औषध सुटावं अशी रचना केली जाते. कण चमकतात, त्यामुळे औषध पेशीत शिरलं की नाही, ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. निरोगी पेशी वाचाव्यात, केमोथेरपीचा त्रास कमी व्हावा, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

हे काम अजून प्रामुख्याने प्रयोगशाळेतच आहे. पण कण कितीही नवा असो, रुग्णापर्यंत जाण्याआधी त्याची पहिली परीक्षा होते ती काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरपेशींवर. भारतात तशा पेशी वाढवायची सोय कमल रणदिवे यांनी करून ठेवली होती.