मोडक्या सायकलींचा कारागीर : ऑरविल राइट

(द्वितीय वर्ष, कला)

विमानाचा शोध राइट बंधूंनी लावला, हे वाक्य आपण प्राथमिक शाळेतच पाठ केलेले असते. परीक्षेत त्याला एक गुण मिळतो आणि गुण मिळाला की ते वाक्य आपण विसरून जातो. हे दोघे भाऊ पोटापाण्यासाठी काय करीत होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन नावाच्या शहरी त्यांचे सायकलचे दुकान होते. तेथे ते पंक्चर काढीत, वाकडी चाके सरळ करीत, जुन्या सायकली नीट करून देत. धाकटा भाऊ ऑरविल याचे चरित्र वाचले म्हणजे वाटू लागते की, विमानाची ही कथा मुळात दुरुस्तीचीच कथा आहे.

ऑरविलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी डेटन येथे झाला. थोरला विल्बर त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते व पुढे बिशप झाले. घरात पुस्तकांना तोटा नव्हता; परंतु हातांचे कसब मुलांना मिळाले ते आईकडून. आई सुसान ही गाड्या बनविणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कामठ्यात वावरल्यामुळे हत्यारे कशी धरावीत हे तिला ठाऊक होते, आणि मुलांची खेळणी ती स्वतः बनवीत असे. १८७८ मध्ये वडिलांनी बूच, बांबू, कागद आणि रबराचा पट्टा यांचे एक उडते खेळणे घरी आणले. मुलांनी ते मोडेपर्यंत उडविले आणि मोडल्यावर तसेच दुसरे करून पाहिले. खेळणे मोडले म्हणून रडत न बसता ते कसे केले होते हे पाहावे, ही सवय त्या घरात लहानपणीच लागली होती.

ऑरविलने माध्यमिक शाळेचे शिक्षण पूर्ण केले नाही. त्याला छपाईचा नाद लागला आणि १८८९ मध्ये त्याने छोटेसे साप्ताहिक सुरू केले. छापखाना विकत घेण्याइतके पैसे कोठून असणार? मग त्याने छपाईयंत्र घरीच उभे केले. थडग्यासाठी आणलेला व टाकून दिलेला एक दगड, घोडागाडीच्या घडीच्या छपराचा सांगाडा आणि इकडून तिकडून गोळा केलेले भंगार, एवढ्या सामानावर ते यंत्र चालू लागले. त्याच वर्षी आई क्षयाने वारली. तिने पाहिलेली मुलाची ही शेवटची करामत असावी.

त्या सुमारास अमेरिकेत सायकलीचे नवे युग अवतरले होते. पुढचे चाक माणसाएवढे उंच आणि मागचे चिमुकले, अशी जुनी सायकल म्हणजे हातपाय मोडून घेण्याचेच साधन होते. तिच्या जागी दोन्ही चाके सारखी असलेली, साखळीवर चालणारी आणि हवेच्या टायरची सायकल आली. १८९२ मध्ये ऑरविलने १६० डॉलर देऊन अशी एक नवी सायकल घेतली. काटकसरी विल्बरने लिलावात जुनी सायकल घेतली, ती ८० डॉलरना. बिघडलेल्या सायकली घेऊन मित्र त्यांच्या घरी येऊ लागले. तेव्हा त्याच वर्षाच्या अखेरीस दोघांनी दुकानच उघडले. जुन्या सायकलींची देवघेव, भाड्याने देणे आणि दुरुस्ती असा सारा व्यवहार तेथे चाले. भंगारातल्या दोन उंच सायकली जोडून दोघांनी बसण्याची एक अजब सायकल त्यांनी केली होती, असेही सांगतात.

जुनी सायकल नीट करणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांनी सायकलवर शाळा केली त्यांना सांगायला नको. आधी सांगाडा कोठे वाकला किंवा तडकला आहे का ते पाहायचे, कारण सांगाडाच गेला असेल तर बाकी खर्च वाया. मग सगळे सुटे करायचे. दांड्यातले आणि चाकातले वाळलेले ग्रीस रॉकेलने धुवायचे, झिजलेले छर्रे बदलायचे. चाकाचा आऊट काढणे हे सर्वांत नाजूक काम. एक तार आवळली की समोरची सैल पडते. रिम एका बाजूला ओढली की दुसरीकडे फुगते. घाई केली तर चाक अधिकच बिघडते. पाव फेरा द्यावा, चाक फिरवावे, पाहावे आणि पुन्हा पाव फेरा द्यावा. हे काम पैशापेक्षा धीरावर चालते. राइट बंधूंनी हे काम काही वर्षे रोज केले. पुढे त्यांनी विमानाच्या पंखांच्या तारा ज्या बेताने ताणल्या, तो बेत याच दुकानात हातात मुरला असला पाहिजे.

१८९६ पासून ते स्वतःच्या सायकली घडवू लागले. एक भारी प्रतीची, नाव ‘व्हॅन क्लीव्ह’, आणि दुसरी कमी किमतीची ‘सेंट क्लेअर’. दुरुस्ती करता करता सायकल कोठे कोठे दगा देते हे कळले होते, त्यावरचे उपाय या सायकलींत आले. चाकाच्या मध्यात धूळ शिरू नये आणि तेल टिकून राहावे अशी रचना त्यांनी केली. डावे पेडल चालता चालता सैल होऊन गळून पडते, म्हणून त्याचे आटे त्यांनी उलटे ठेवले. आपल्या गावातल्या कोणत्याही सायकलीचे डावे पेडल आजही उलट्या आट्यांचेच असते. हवे तर पान्हा लावून पाहावे.

१८९६ मध्येच ऑरविल विषमज्वराने कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. त्याच वर्षी जर्मनीत लिलिएंथाल हा उड्डाणवीर पडून मरण पावला. या बातमीने दोघांचे लक्ष आकाशाकडे वळले. १८९९ मध्ये त्यांनी या विषयाची पुस्तके मागवून वाचली. इतर संशोधक असे यंत्र शोधत होते की जे हवेत आपोआप स्थिर राहील. या सायकलवाल्यांना तसे वाटले नाही. सायकल आपण होऊन कधीच उभी राहत नाही. तिला चालविणारा तोल देतो, वळताना आत झुकतो. विमानही तसेच असणार, असे त्यांनी धरले. पंख पिळून तोल कसा सांभाळावा हे विल्बरला सुचले, तेही दुकानातच. टायरच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात पिळता पिळता ती युक्ती त्याच्या ध्यानी आली.

१९०१ मध्ये त्यांचे तरंगयान अपेक्षेहून फारच कमी उचल देऊ लागले. दोघे निराश होऊन घरी परतले. परंतु दुरुस्ती करणाऱ्याला बिघाडाचे मूळ सापडल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांनी एका सायकलीच्या हँडलवर तिसरे चाक आडवे बसविले, त्यावर पंखाचा छोटा नमुना आणि एक सपाट पत्रा लावला आणि रस्त्यातून जोरात सायकल हाणली. चाक कोणत्या बाजूला फिरते यावरून त्यांना कळले की पुस्तकातील आकड्यांवर विसंबून चालणार नाही. मग दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तिच्यात पंख्याने वारा सोडला. आतला मोजकाटा करवतीची पाती आणि सायकलीच्या तारा यांचा. या काट्यावर त्यांनी सुमारे दोनशे आकार तपासले. हवेच्या दाबाचा जो गुणक शंभराहून अधिक वर्षे सर्वजण वापरीत होते, तोच चुकीचा निघाला.

हा सारा खर्च सायकलीच्या दुकानातून निघत होता. उन्हाळ्यात धंदा करायचा आणि हंगाम सरला की उत्तर कॅरोलायनातील किटी हॉक येथील वाळूच्या टेकड्यांवर जायचे, असा त्यांचा क्रम होता. दुकानातला मदतनीस चार्ली टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन घडविले. इंजिनाची शक्ती पंख्यांपर्यंत नेली ती साखळ्यांनी आणि दातेरी चक्रांनी, म्हणजे सायकलीच्याच रीतीने. ती चक्रे एकदा सैल पडू लागली, तेव्हा टायर चिकटविण्याचा सिमेंट लावून ती पक्की केली. पंख्याचा दांडा तडकला, तेव्हा ऑरविल आगगाडीने डेटनला गेला, पोलादाचे नवे दांडे करून घेऊन आला. ज्या पाळण्यावरून विमान घसरत निघायचे, त्याच्या चाकांतही सायकलीचेच भाग होते.

१७ डिसेंबर १९०३ रोजी कडाक्याच्या थंडीत, पाच माणसांच्या साक्षीने ऑरविल उडाला. १२ सेकंद आणि १२० फूट! त्याच दिवशी चौथ्या खेपेस विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. नंतर वाऱ्याच्या झोताने विमान उलटून मोडले आणि ते पुन्हा कधीच उडाले नाही. सगळ्या प्रयोगांचा खर्च हजार डॉलरांच्या आत होता. याच वर्षी स्मिथसोनियन या सरकारी संस्थेचे प्रमुख लँगली यांचे यंत्र, ज्यासाठी युद्धखात्याने ५०,००० डॉलर दिले होते, दोनदा पाण्यात पडले होते.

पुढे कीर्ती आली, तशी दुःखेही आली. १९०८ मध्ये एका प्रात्यक्षिकात ऑरविलचे विमान पडले. सोबतचा लष्करी अधिकारी मरण पावला, ऑरविल जबर जखमी झाला. बहीण कॅथरीन नोकरी सोडून त्याच्या उशाशी बसली. १९१२ मध्ये विल्बर विषमज्वराने गेला. १९१३ च्या महापुरात खोक्यांत भरून ठेवलेले ते पहिले विमान पाण्याखाली आणि चिखलात पडून राहिले. ऑरविलने १९१६ मध्ये ते चिखलातले सामान बाहेर काढले, मोडलेले भाग नव्याने घडविले आणि प्रदर्शनासाठी विमान पुन्हा उभे केले. पुढे १९२६-२७ च्या सुमारास त्याचे कापडही बदलले. आयुष्यातली ही त्याची सर्वांत मोठी दुरुस्ती.

याच काळात दुसरीकडेही एक दुरुस्ती झाली होती. १९१४ मध्ये लँगलींचे जुने यंत्र बाहेर काढून, त्यात महत्त्वाचे फेरबदल करून ते थोडेसे उडविण्यात आले. नंतर त्याला पुन्हा जुने रूप देऊन संग्रहालयात मांडले, आणि उड्डाणास समर्थ असे पहिले यंत्र हेच, अशी पाटी लावली. ऑरविलला हे सहन झाले नाही. दोन्ही ठिकाणी जुनी वस्तू नीट केली गेली होती, पण एकीत वस्तू जशी होती तशी परत आणण्याची धडपड होती आणि दुसरीत तिने जे केलेच नव्हते ते तिच्या नावावर चढविण्याची. जुन्या वस्तूला हात लावणाऱ्याने कोणते पथ्य पाळावे, हे या प्रसंगातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळणार नाही. ऑरविलने १९२८ मध्ये आपले विमान देशाबाहेर, लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठवून दिले. स्मिथसोनियनने अखेर १९४२ मध्ये आपली चूक छापील स्वरूपात मान्य केली. ३० जानेवारी १९४८ रोजी ऑरविल निवर्तला, आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला ते विमान वॉशिंग्टनमध्ये समारंभाने मांडण्यात आले. ते पाहायला तो उरला नव्हता.

हा माणूस सर्वगुणसंपन्न होता असे म्हणण्याचे कारण नाही. तो कमालीचा लाजाळू होता, चार लोकांत बोलायला घाबरे, आणि तितकाच हट्टी होता. तो आजन्म अविवाहित राहिला. १९२६ मध्ये कॅथरीनने लग्न केले, तेव्हा ती आपल्याला सोडून गेली असे मानून त्याने तिच्याशी बोलणे टाकले. १९२९ मध्ये ती मरणाच्या दारी असतानाच तो तिला भेटायला गेला. चिखलातले विमान ज्याने उभे केले, त्याला हे नाते वेळेवर सांधता आले नाही.

त्या घरातील पदवीधर होती ती कॅथरीनच. विल्बर आणि ऑरविल कॉलेजात गेले नाहीत. म्हणून कॉलेजात जाऊ नये, असा अर्थ कोणी काढू नये. हे दोघे आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा अधिक वाचीत होते, आणि वाचलेले खरे की खोटे ते हाताने पडताळून पाहत होते. आमच्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. आमच्या घरी इंजिन उघडणारे, मोटेचे चाक बसविणारे, सायकलीचा आऊट काढणारे हात आहेत. पण ही माणसे स्वतःला अडाणी म्हणवतात आणि आम्हीही ते खरे मानून पुस्तकांकडे वळतो. ऑरविलच्या दुकानात वाचनाचे टेबल आणि कामाचे टेबल एकाच छपराखाली होते.

त्या दुकानाची इमारत १९३७ मध्ये हेन्री फोर्ड यांनी मिशिगनमधील आपल्या संग्रहालयात हलविली. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर गेला, तेव्हा त्याने त्या पहिल्या विमानाचे लाकूड आणि कापड यांचे लहानसे तुकडे सोबत नेले होते. मला मात्र अधिक जवळची वाटते ती डाव्या पेडलाची उलट्या आट्यांची मळसूत्री. ती रोज आपल्या पायाखाली असते, आणि कोणीतरी एकदा मोडके पेडल हातात घेऊन ते का गळते याचा विचार केला होता, हे ती मुकाट्याने सांगत असते.