मुक्या जिवांचा पोशिंदा : सर जमशेटजी जीजीभाई

परोपकाराची कामे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. वाटेवर जखमी होऊन पडलेले जनावर दृष्टीस पडताच मन कळवळते, आपण त्यास पाणी पाजतो, सावलीत नेऊन ठेवतो, आणि आपल्या वाटेने निघून जातो. हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार याहून कठीण आहे. त्या जनावराला उद्या कोण पाहील, परवा त्याच्या चाऱ्याचे पैसे कोठून येतील, आणि आपण या जगात नसलो तरी त्याचे कसे होईल, याचा विचार करून कायमची सोय लावून देणे, हा तो दुसरा प्रकार होय. या दुसऱ्या प्रकारच्या परोपकारात ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

आपले डिचोली व पेडणे हे प्रांत सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले, त्याच दशकातील ही गोष्ट. १५ जुलै १७८३ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात जमशेटजींचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. शालेय शिक्षण म्हणावे असे फारसे लाभलेच नाही. १७९९ साली, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, आईबापांचे छत्र हरपले. पोरका झालेला हा मुलगा मुंबईत आपल्या एका आप्ताकडे कामास राहिला. हे आप्त म्हणजे फ्रामजी बाटलीवाला. जुन्या रिकाम्या बाटल्या विकत घ्यावयाच्या व पुन्हा विकावयाच्या, असा त्यांचा धंदा होता. पुढे १८०३ मध्ये फ्रामजींची कन्या अवाबाई हिच्याशी जमशेटजींचा विवाह झाला.

त्या काळी मुंबईच्या धाडसी व्यापाऱ्यांचे डोळे चीनकडे लागलेले असत. जमशेटजींनीही तरुण वयातच चीनच्या सफरी सुरू केल्या. १८०५ साली ते ज्या इंग्रजी गलबतावर होते ते ब्रन्सविक नावाचे जहाज फ्रेंचांनी समुद्रात पकडले. जवळचा माल गेला, पैसा गेला, आणि हा तरुण दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी केपच्या किनाऱ्यावर निष्कांचन अवस्थेत जाऊन पडला. तेथून कलकत्त्यामार्गे तो कसाबसा मुंबईस परतला. याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाच्या एका वैद्याशी त्याची ओळख झाली होती. पुढे हा जार्डिन चीनमधील मोठा व्यापारी बनला, आणि त्याच्याशी चाललेल्या व्यवहारातून जमशेटजी अमाप श्रीमंत झाले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. या संपत्तीचा उगम कापसाच्या व्यापारात होता, तसाच अफूच्या व्यापारातही होता. चीनच्या सरकारने अफूस बंदी केलेली असताना हिंदुस्थानातून ती तेथे नेली जात असे. त्या विषाने चीनमधील असंख्य घरे धुळीस मिळाली, आणि १८३९ ते १८४२ या काळात त्यापायी युद्धही झाले. त्या युगातील अनेक नामांकित व्यापाऱ्यांचे हात या व्यवहारात गुंतले होते, जमशेटजींचेही होते. थोर पुरुषाचे चरित्र वाचताना त्याचे दान आणि त्याच्या धनाचा उगम ही दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावीत. दानाने उगम पुसला जात नाही, आणि उगमामुळे त्या दानाने जगलेले जीव खोटे ठरत नाहीत.

आता मुख्य विषयाकडे वळू. मुंबई शहरात मोकाट कुत्री फार माजली म्हणून, उन्हाळ्याच्या दिवसांत ती मारावीत असा सरकारी नियम होता. १८३२ साली हे काम अधिकच जोरात सुरू झाले. दर कुत्र्यामागे बक्षीस मिळत असल्यामुळे शिपाई लोभाने पाळीव कुत्र्यांच्याही मागे लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीतही त्याची गरज लागते. ६ जून १८३२ रोजी संतापलेल्या पारशी लोकांनी कोट भागात शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन आदी लोकही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली, शहराचे व्यवहार थांबले, आणि शेवटी लष्कर बोलवावे लागले. इतिहासात ही घटना कुत्र्यांचा दंगा या नावाने ओळखली जाते.

दंगा शमला, धरपकड झाली. पण मूळ प्रश्न होता तेथेच राहिला. कुत्री मारू नयेत हे खरे, परंतु मग ती ठेवावयाची कोठे? रागाने दगड मारणाऱ्या जमावापाशी याचे उत्तर नव्हते. ते उत्तर जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांच्यासारख्या जैन व्यापाऱ्यांनी मिळून शोधले. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली आणि भुलेश्वरात तिने मूळ धरले. मोकाट कुत्री, म्हातारी गुरे, पाय मोडलेले बैल, आईवेगळी वासरे, जखमी पक्षी, ज्यांना कोणी धनी उरला नाही असे सारे मुके जीव तेथे आश्रयास येऊ लागले. गुजरातेत अशा संस्था पूर्वीपासून होत्या. येथील विशेष हा की, पारशी, हिंदू व जैन यांनी एका संकटातून एकत्र येऊन ही संस्था उभी केली.

तिचा खर्च कसा चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. एखाद्या धनिकाने एकदाच मोठी रक्कम द्यावी आणि ती संपताच जनावरे उपाशी पडावीत, असे होऊ नये म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवून घेतला. लागा म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे धर्मकार्यासाठी काढून ठेवलेला अल्पसा अंश. बाजार चालेल तोवर गोठ्यात चारा पडेल, अशी ती योजना होती. दयेला हिशेबाची जोड मिळाली ती अशी.

जमशेटजींची दृष्टी पांजरापोळीपुरती मर्यादित नव्हती. मुंबईच्या मैदानात गुरे चारण्यावर सरकारने कर बसविला, तेव्हा गरीब गवळ्यांना तो देणे जड जाऊ लागले आणि गुरांची उपासमार होऊ लागली. जमशेटजींनी पदरचे पैसे घालून ठाकूरद्वाराजवळ समुद्रालगतची गवताळ जमीन घेतली व ती गुरांना मोफत चरण्यासाठी खुली केली. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरूनच पडले, असे सांगतात. मुंबईस जाणाऱ्या आपल्या गावच्या मंडळींनी ते स्थानक शेकडो वेळा पाहिले असेल. त्या नावात भुकेल्या गुरांची आठवण दडलेली आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

माणसांसाठीही त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. पेडणे-डिचोलीकडून पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या कितीतरी कुटुंबांना या रुग्णालयाचे नाव घरच्यासारखे परिचित आहे. माहीम व वांद्रे यांमधील खाडीत होड्या उलटून माणसे बुडत, म्हणून अवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये देऊन तेथे रस्ता बांधविला. जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली. १८४२ साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. ती मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. १४ एप्रिल १८५९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पांजरापोळीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. तेथे जनावरांना आसरा व चारा मिळे. परंतु शास्त्रशुद्ध उपचाराची व्यवस्था त्या काळी नव्हती. ती उणीव पुढच्या पिढीने भरून काढली. दिनशा पेटिट यांच्या दातृत्वामुळे परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली मुंबईत पशुवैद्यकाचे महाविद्यालय सुरू झाले. एकाने निवारा दिला, दुसऱ्याने औषध दिले, तिसऱ्याने वैद्य घडविले.

आज हेच काम जगभर चालू आहे. ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारी या गावी १९७३ पासून कोआला नावाच्या प्राण्यांसाठी रुग्णालय आहे. झाडावर राहून निलगिरीची पाने खाणारा हा गरीब प्राणी २०१९-२० च्या भीषण वणव्यांत हजारोंनी होरपळला. भाजलेले पंजे बांधून, आईवेगळ्या पिलांना दूध पाजून, बरी झालेली जनावरे तेथे पुन्हा जंगलात सोडली जातात. येथे एक भेद ध्यानी घ्यावा. पाळीव जनावराला माणसाचा गोठा हेच घर असते, म्हणून पांजरापोळ त्यास अखेरपर्यंत सांभाळते. रानच्या जिवाचे घर मात्र रानच. त्याची सेवा त्याला घरी परत पाठविण्यात आहे. आपल्या भागात माकडाचे पिलू अथवा घुबड जखमी सापडले, तर ते हौसेने पाळू नये, वनखात्यास कळवावे. कायद्यालाही तेच मान्य आहे.

भुलेश्वरची पांजरापोळ आजही उभी आहे, आणि चेंबूरच्या एका भागाला तर पांजरापोळ हेच नाव पडले आहे. आपल्या डिचोली तालुक्यातही मयेजवळ सिकेरी येथे गोशाळा आहे. अशी स्थळे पाहावयास गेल्यावर केवळ वासराच्या पाठीवरून हात फिरवून परत येऊ नये. येथे चारा कोठून येतो, औषधाचा खर्च कोण करतो, शेण कोण काढतो, हे विचारावे, आणि जमल्यास त्यातले एखादे काम अंगावर घ्यावे. कळवळा सर्वांनाच येतो. त्या कळवळ्याची रोजची व्यवस्था लावणारे मात्र विरळा, आणि अशा विरळा माणसांत एके काळच्या त्या पोरक्या मुलाची गणना होते.