जोसेफ लिस्टर

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये झाला. ते मोठे सर्जन होते. त्या काळी ऑपरेशन नीट झालं तरी जखम पिकून पुष्कळ माणसं मरत. पाश्चर यांनी जंतूंविषयी लिहिलेलं लिस्टरनी वाचलं. जखमही जंतूंमुळेच पिकत असणार, असं त्यांना वाटलं.

सन १८६५ मध्ये ग्लासगोच्या दवाखान्यात जेम्स नावाचा मुलगा आणला. तो ११ वर्षांचा, म्हणजे माझ्याहून एकच वर्षानं मोठा! गाडीचं चाक पायावरून जाऊन हाड मोडलं होतं, वर जखमही होती. असा पाय तेव्हा बहुतेक कापूनच टाकीत. मला वाचतानाच कसंतरी झालं. लिस्टरनी जखमेवर कार्बोलिक ॲसिडात भिजवलेली पट्टी बांधली. जखम पिकली नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. जेम्सचा पाय वाचला. पुढे लिस्टर हात आणि हत्यारंही त्याच औषधानं धुऊ लागले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी ते वारले.