शब्दाची किंमत मोजणारा माणूस : गोपाळ गणेश आगरकर



टेंभू हे नाव आपल्या भागात उपसा सिंचन योजनेमुळे घरोघरी पोचले आहे. कृष्णेचे पाणी सांगोल्याच्या दुष्काळी शिवाराकडे नेणारी ही योजना कराडजवळच्या ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, त्याच गावी १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकात 'थोर समाजसुधारक' एवढ्यावर त्यांची ओळख संपते. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि बोललेल्या शब्दाची जबाबदारी हे दोन्ही धडे त्यांच्या एकाच आयुष्यात मिळतात, म्हणून आज त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. आगरकर देवावर श्रद्धा ठेवणारे नव्हते. तरीही चर्चच्या पत्रिकेत त्यांना जागा का, हे शेवटी सांगू.

घरची गरिबी इतकी की शिक्षणासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. मधल्या काळात कराडच्या मामलेदार कचेरीत त्यांनी उमेदवारीही केली. १८७५ साली ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एकच सदरा रात्री धुवून वाळवायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे, अशी त्यांच्या विद्यार्थिदशेची आठवण सांगतात. एम. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरी आणि मोठा पगार सहज मिळत असे. पण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकांसाठी काम करण्याचा आपला निश्चय त्यांनी आईला पत्राने आधीच कळवला होता. ते विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकरच.

पहिली परीक्षा लगेचच आली. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ केला जात आहे, अशी चर्चा त्या वेळी सर्वत्र होती. 'केसरी' आणि टिळकांच्या 'मराठा' या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. हाती आलेली काही पत्रे खरी मानून त्यांच्या आधारे बर्व्यांवर गंभीर आरोप छापण्यात आले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट ठरली. दोघा संपादकांनी क्षमा मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना नुकतेच २६ वे वर्ष पूर्ण झाले होते. शिक्षेत सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी, ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सुटले. त्या दिवसांवर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

या प्रकरणात आपण थोडे थांबायला हवे. महाराजांबद्दलची काळजी निराधार नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात देखरेखीखालच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. संपादकांचा हेतूही चांगला होता. पण हेतू चांगला म्हणून खोटी पत्रे खरी होत नाहीत, आणि ज्याचे नाव छापले त्याची गेलेली अब्रू हेतूकडे पाहून परत येत नाही. आपल्या धर्मशिक्षणात आठवी आज्ञा शिकवताना आपण हेच शिकवतो. खोटी साक्ष केवळ कोर्टातच दिली जाते असे नाही. नीट चौकशी न करता दुसऱ्याबद्दल वाईट मानणे हेही पाप आहे. आणि दुसऱ्याच्या नावाला धक्का लावला असेल तर पापनिवेदनात क्षमा मिळाल्यावरही शक्य तेवढी भरपाई करणे उरतेच.

याच खटल्यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. चिपळूणकरांनी आपल्या 'निबंधमाले'त महात्मा जोतीराव फुले यांच्यावर अतिशय बोचरी टीका केली होती. टिळक-आगरकर हे त्याच चिपळूणकरांचे सहकारी. तरीही ते अडचणीत आले तेव्हा फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी त्या दोघांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन भरला. शब्दांनी दुखावलेल्या माणसाने शब्दांनीच सूड घ्यावा असा नियम नाही, हे जोतीरावांनी कृतीने दाखवले. प्रभू येशूचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे.

दुसरी परीक्षा जास्त दिवस चालली. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांना शिक्षणाची बंदी, जातीचा अभिमान यांवर आगरकरांना उघड लिहायचे होते. पण 'केसरी' हे अनेकांचे मिळून चालवलेले पत्र होते आणि त्यांची मते सहकाऱ्यांना पटत नव्हती. तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे 'सुधारक' पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. १८९१ साली मुलींचे संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा झाला. आज १२ हे वयही आपल्याला भयंकर वाटेल, पण तेवढ्यासाठीसुद्धा त्या काळी पुण्यात वादळ उठले. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले आणि जुने मित्र टिळक विरोधात.

याची किंमत त्यांना समाजाने मोजायला लावली. आगरकर जिवंत असताना पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांच्या पुतळ्याची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. घरात त्यांची पत्नी यशोदाबाई आणि लेकरे होती. आगरकरांनी लिहिणे थांबवले नाही आणि या वेळी क्षमाही मागितली नाही. विशेष म्हणजे मते इतकी तिखट असूनही यशोदाबाईंच्या देवपूजेला आणि उपासतापासांना त्यांनी घरात कधी आडकाठी केली नाही. स्वतःला हवे असलेले स्वातंत्र्य त्यांनी आधी आपल्या घरात दिले.

एका वेळी क्षमा मागणारा आणि दुसऱ्या वेळी ठाम राहणारा माणूस एकच. मग फरक कुठे होता? कोल्हापूर प्रकरणात एका विशिष्ट माणसावर न तपासलेला आरोप होता, आणि त्याची झळ त्या माणसाला बसली. 'सुधारक'मध्ये रूढींवर टीका होती, ती कारणे देऊन आणि उजेडात केलेली होती, आणि तिची झळ लिहिणाऱ्यालाच बसली. आगरकरांनी ज्या इंग्रज तत्त्ववेत्त्याचा अभ्यास केला त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली एक उदाहरण दिले होते. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, असे वर्तमानपत्रात लिहिणे हे मत आहे. तेच वाक्य व्यापाऱ्याच्या दारात जमलेल्या संतप्त जमावापुढे ओरडणे ही चिथावणी आहे. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमातही हीच जाण दिसते. ते बोलण्याचे स्वातंत्र्य देते, आणि अब्रुनुकसानी व चिथावणी यांना आळा घालण्याची मुभाही ठेवते.

१८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी उशाशी पैशाची पुरचुंडी बांधून ठेवली होती, असे सांगतात. वर्षानुवर्षे ज्यांच्याशी कडाक्याचे भांडण झाले त्या टिळकांनीच 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. देव न मानणाऱ्या माणसाचे चरित्र इथे कशासाठी? ख्रिस्तसभेनेही हा धडा हळूहळूच शिकला आहे. १८३२ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी छपाईच्या स्वातंत्र्याचा निषेध केला होता, आणि निषिद्ध पुस्तकांची यादी १९६६ पर्यंत लागू होती. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले की धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, आणि लोक देवापासून दूर जातात त्यात श्रद्धावंतांच्या वागण्याचाही वाटा असू शकतो. आगरकरांसमोर देवाचे नाव घेत कोवळ्या विधवांचे डोके भादरणारा समाज उभा होता. अशा समाजाकडे पाहून त्यांची श्रद्धा उडाली असेल, तर त्यांना दोष देण्याआधी आपण आपल्याकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

आपला धर्मग्राम लहान आहे. मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकात सोडलेला एक शब्द दुपारपर्यंत गावभर होतो, आणि मोबाइलवर तर त्याला तेवढाही वेळ लागत नाही. त्या एका शब्दाने मुलीचे जुळत आलेले लग्न मोडते, भावाभावांत अबोला येतो. उलट, ज्या घरात सुनेला मारहाण होते, ज्या घरात दारूपायी पोरांची शाळा सुटते, तिथे आपण सगळे गप्प बसतो. जिथे तोंड आवरायचे तिथे आपण बोलतो आणि जिथे बोलायचे तिथे भितो. संत याकोबाने आपल्या पत्रात जिभेची तुलना मोठे रान पेटवणाऱ्या ठिणगीशी केली आहे. त्याच ठिणगीने चूलही पेटते आणि दिवाही लागतो.

येत्या आठवड्यात प्रत्येकाने दोन गोष्टी कराव्यात. कोणाबद्दल ऐकलेली एक न तपासलेली गोष्ट पुढे सांगू नये, आणि आधीच सांगितली असेल तर ज्यांना सांगितली त्यांच्याकडे जाऊन ती मागे घ्यावी. आणि ज्या अन्यायाबद्दल आपण बरेच दिवस गप्प आहोत, त्याबद्दल एकदा तरी योग्य माणसाजवळ, समोरासमोर, आपल्या नावानिशी बोलावे.

प्रभू येशू आपल्या सर्वांच्या ओठांवर सत्य आणि प्रेम एकत्र नांदवो, हीच प्रार्थना.

आपले धर्मगुरू