वालचंद हिराचंद : स्वदेशी मोटारीचा ध्यास

सीताबर्डीच्या गजबजलेल्या रस्त्यांवर एके काळी फियाट आणि ॲम्बेसेडर या दोनच मोटारी प्रामुख्याने दिसत. त्यांपैकी एखादी जुनी झाली की चढावर दम टाकू लागे, मधूनच फटाके फोडू लागे. पॉइंट बदलले, प्लग साफ केले आणि तरीही टायमिंग जागेवर राहात नसेल, तर जाणता मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरच्या तळाशी असलेल्या गिअरवर संशय घेई.

तिरक्या दातांचा हा छोटासा गिअर कॅमशाफ्टवरून गती घेतो आणि डिस्ट्रिब्यूटरला क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरवतो. कोणत्या सिलिंडरला केव्हा ठिणगी मिळायची, हे त्याच्या दातांवर अवलंबून असते. दात झिजले की ठिणगी कधी लवकर पडते, कधी उशिरा. नवा गिअर बसवताना पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी वरच्या टोकाला आणावा लागतो, पुलीवरची खूण जुळवावी लागते आणि रोटर पहिल्या प्लगच्या वायरीसमोर यावा लागतो. दात तिरके असल्यामुळे गिअर खाली उतरताना थोडा फिरतो. तो हिशेब आधीच धरावा लागतो. एका दाताची चूक झाली तरी इंजिन नीट चालत नाही. कॅमशाफ्टवरचे दात खराब असतील, तर नवा गिअरही लवकरच झिजतो.

हे कसब मिस्त्रीच्या हातात असते. मात्र गिअरच साता समुद्रापलीकडून मागवावा लागला, तर त्या कसबाचा काय उपयोग? मोटार विकत घेणारा देश आणि मोटार घडवणारा देश यांतील हे अंतर ज्यांनी फार लवकर ओळखले, त्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रभागी आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. महाविद्यालयीन शिक्षण त्यांनी पदवी न घेताच सोडले. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्यासह त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले आणि तेथून त्यांच्या कर्तृत्वाला वाट मिळाली. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे त्यांच्या हातून पार पडली.

१९१९ मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. ब्रिटिश बोट कंपन्यांनी दर पाडून या नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला, तरी ती तगली. ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मोटारीची लढाई मात्र त्याहून चिवट ठरली. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्या यांनी मुंबईत मोटार कारखान्याची योजना मांडली, तिला वालचंदांनी मनापासून साथ दिली. मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते. परंतु दिल्लीतील ब्रिटिश सरकारला या उद्योगात रस नव्हता. अमेरिकेतील फोर्डशी बोलणी फळाला आली नाहीत. अखेर क्रायस्लर कंपनीशी १९४० मध्ये करार झाला. तोवर युद्ध पेटले होते. युद्धाच्या काळात मोटारींची गरज वाढलेली असतानाही सरकारने कारखान्याला पाठबळ दिले नाही. याच वर्षांत वालचंदांनी बंगळूर येथे विमान कारखाना आणि विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना सुरू केला. विमान कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. एक उद्योग हातून गेला, पण मोटारीचा ध्यास सुटला नाही.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. प्रारंभी परदेशातून पेट्यांत भरून आलेले भाग जोडण्याचेच काम चाले. त्यामुळे यात स्वदेशी काय, असा आक्षेप घेतला जाई. तो अगदीच अनाठायी नव्हता. तथापि जोडणीवर थांबायचे नाही, हे वालचंदांच्या मनात पक्के होते. एकेक भाग देशात घडवत गेल्याशिवाय कारखाना खऱ्या अर्थाने आपला होत नाही, ही त्यांची धारणा होती. इटलीतील फियाट कंपनीशी जोडलेले नाते याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते.

त्याचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, देशात भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना दरवाजे बंद झाले. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील जोडणी कारखाने गुंडाळले. ज्या तत्त्वासाठी वालचंद झगडले, ते सरकारी धोरण बनले.

कुर्ल्याची फियाट पुढे पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली. संरक्षित बाजारपेठेत तिच्यात बदल मात्र फारसे झाले नाहीत, आणि नव्या मोटारी येताच ती मागे पडली, हेही नाकारता येत नाही. मुंबईच्या रस्त्यावरून अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही साध्या मिस्त्रीच्या हातून दुरुस्त होणारी आणि सुटे भाग गावोगाव मिळणारी मोटार अनेक दशके या देशात होती, यामागे एका सोलापूरकराची जिद्द होती. गिअरचे दात जुळवणारे हात भारतात पूर्वीही होते. तो गिअर येथेच घडावा, यासाठी वालचंदांनी आयुष्य वेचले.