वसंत देसाई: आपण स्किप करतो ते नाव
यूट्यूबवर 'एक अनेक और एकता' ही ॲनिमेशन फिल्म पाहिलीय? १९७४ ची. तिचं संगीत वसंत देसाईंचं.

देसाई १९१२ साली कोकणात जन्मले. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत आले तेव्हा पडेल ते काम करायचे, म्हणजे आजच्या भाषेत इंटर्नच! पुढे व्ही. शांतारामांच्या 'अमर भूपाळी' (१९५१), 'दो आंखें बारह हाथ' (१९५७) यांना त्यांनीच संगीत दिलं. 'गुड्डी'तली (१९७१) प्रार्थना तर शाळाशाळांत पोहोचली.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. आज त्यांची चाल कोरेगावातल्या पोरांच्या फोनवरही वाजते, पण नावांची पाटी आली की आपण व्हिडिओ पुढं ढकलतो. पुढच्या वेळी दोन सेकंद थांबा, नाव वाचा.