जगभर ‘रॉक्सी’ थिएटरं उभी राहिली, पण मूळ रॉक्सीच्या हातून त्याचंच नाव गेलं

मुंबईत ऑपेरा हाऊसजवळचं रॉक्सी थिएटर जुन्या लोकांना चांगलंच आठवत असेल. कोलकात्याच्या रॉक्सीत तर अशोक कुमारचा ‘किस्मत’ तीन वर्षांहून जास्त काळ चालला होता. जगभरातल्या थिएटरवाल्यांनी उचललेलं हे नाव मुळात एका माणसाचं टोपणनाव आहे. तो माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा सॅम्युअल रॉथाफेल.

१८८२ सालचा जन्म. बाप चांभारकाम करणारा जर्मन ज्यू. पोरगा शाळेत फारसा रमला नाही, नोकऱ्याही टिकल्या नाहीत. मग अमेरिकेच्या मरीन दलात काही वर्षं काढली. तिथली शिस्त मात्र त्याने पुढे आयुष्यभर वापरली.

पेन्सिल्वेनियातल्या फॉरेस्ट सिटी या खाणकामगारांच्या गावात तो एका बारमध्ये कामाला लागला, मालकाच्या मुलीशी लग्न केलं आणि १९०८ मध्ये बारच्या मागच्या हॉलमध्ये सिनेमे दाखवायला सुरुवात केली. खुर्च्या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याकडून आणलेल्या, त्यामुळे गावात कुणी गेलं की खेळ बंद, असा किस्सा सांगतात.

तेव्हा सिनेमा म्हणजे कोंदट खोलीत बघायची स्वस्तातली करमणूक. पांढरपेशा माणूस तिकडे फिरकत नसे. रॉक्सीने ओळखलं की पडद्यावर काय आहे यापेक्षा दारातून आत येताना माणसाला काय वाटतं, ते महत्त्वाचं. न्यूयॉर्कमध्ये रीजंट, स्ट्रँड, रियाल्टो, रिव्होली, कॅपिटॉल अशी एकेक थिएटरं त्याने हातात घेतली. मूकपटाला मोठा वाद्यवृंद, प्रकाशयोजना, मध्ये नाच-गाणी. १९२२ पासून कॅपिटॉलमधून त्याचा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला आणि तो घराघरांत पोहोचला.

मग हर्बर्ट लुबिन नावाच्या निर्मात्याने टाइम्स स्क्वेअरजवळ त्याच्याच नावाचं थिएटर बांधायला घेतलं. ११ मार्च १९२७ ला ते उघडलं. ५,९२० खुर्च्या! आपल्याकडचं मोठं सिंगल स्क्रीन हजार-दीड हजारांचं, त्यावरून अंदाज करा. खर्च सुमारे १ कोटी २० लाख डॉलर. ११० जणांचा वाद्यवृंद, प्रेक्षकांसाठी छोटा दवाखाना, आणि मरीनसारखी कवायत केलेले, इस्त्रीच्या गणवेशातले डोअरकीपर. त्यांच्या गणवेशाचा उल्लेख कोल पोर्टरच्या एका गाजलेल्या गाण्यातही आला. खाणकामगार असो की बँकर, दारात सलाम सारखाच. उद्घाटनाला ग्लोरिया स्वॉन्सनचा ‘द लव्ह ऑफ सुन्या’ लागला होता.

पण इथेच मेख होती. बजेट हाताबाहेर गेल्याने लुबिनने उद्घाटनाच्या तोंडावर आपला हिस्सा विल्यम फॉक्सला विकून टाकला होता. दारावर रॉक्सीचं नाव, मालकी दुसऱ्याची.

पुढे रॉकफेलर सेंटरमध्ये दोन नवी थिएटरं उभी राहत होती, त्यासाठी रॉक्सीने आपलं थिएटर सोडलं. त्यातलं मोठं रेडिओ सिटी म्युझिक हॉल, धाकटं ‘आरकेओ रॉक्सी’. जुन्या थिएटरवाल्यांनी नावासाठी कोर्ट गाठलं आणि ते जिंकले! धाकट्या थिएटरचं नाव बदलून ‘सेंटर’ करावं लागलं. माणूस नव्या जागी गेला, नाव मात्र जुन्या इमारतीकडेच राहिलं.

२७ डिसेंबर १९३२ ला रेडिओ सिटी उघडलं. उद्घाटनाला सिनेमा नव्हताच, फक्त रंगमंचावरचे कार्यक्रम आणि तेही मध्यरात्र उलटून गेल्यावरही चाललेले. सिनेमाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या माणसाने सिनेमाच वगळला, ही त्याची सगळ्यात मोठी चूक म्हणावी लागेल. दोन आठवड्यांत तिथे सिनेमे लावावे लागले. तोवर रॉक्सीला आजारपणाने गाठलं होतं. १९३४ मध्ये तो तिथूनही बाहेर पडला. १३ जानेवारी १९३६ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात झोपेतच तो गेला. वय ५३.

‘सेंटर’ १९५४ मध्ये पाडलं. टीव्ही आला, माणसं उपनगरांत राहायला गेली आणि सहा हजार खुर्च्या रोज भरणं अशक्य झालं. खालच्या जमिनीला मात्र सोन्याचा भाव होता. मार्च १९६० मध्ये रॉक्सी बंद झालं आणि त्याच वर्षी त्यावर घण पडले. त्या ढिगाऱ्यात ग्लोरिया स्वॉन्सन हात पसरून उभी असल्याचा ‘लाइफ’ मासिकातला फोटो आजही बघायला मिळतो. थिएटरच्या जागी ऑफिसची इमारत आली.

त्याचं नाव नसलेलं रेडिओ सिटी तेवढं आजही उभं आहे. दर नाताळात तिथे नाचणारा रॉकेट्सचा ताफा रॉक्सीनेच सेंट लुईसहून न्यूयॉर्कला आणला होता. तेव्हा त्या मुलींना ‘रॉक्सीएट्स’ म्हणत.